दवाखान्यातले नऊ दिवस

१

हिंदुराव थिटे यांना त्या मंगळवारी सकाळी स्वतःचा टॉवेल खांद्यावर टाकता आला नाही.

वय त्रेसष्ट. खराडीत शेतं होती तोवर ज्वारीचं भरलेलं पोतं एकट्याने ट्रॉलीत फेकायचे. आता ते न्हाणीघराच्या दारात ओल्या अंगाने उभे होते. हात छातीपर्यंत वर आला, थरथरला आणि खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मग मांड्यांतलं बळही गेलं आणि चौकटीला पाठ घासत ते फरशीवर बसले.

"शकू," त्यांनी बायकोला हाक मारली, "मला उठव गं."

आवाजात दुखणं नव्हतं, लाज होती. शेफालीने ती स्वयंपाकघरात ऐकली आणि तिच्या हातातला डबा तसाच राहिला. बत्तीस वर्षांत तिने वडिलांना 'मला उठव' म्हणताना ऐकलं नव्हतं.

तिघांनी मिळून त्यांना उठवलं. आई, शेफाली आणि थोरला भाऊ सूरज. मग शेफाली खोलीत जाऊन दार लावून बसली आणि चौथ्यांदा तोच हिशेब मनात मांडला. जानेवारीत बाबांच्या मांड्या दुखायला लागल्या. स्नायू झिजायला लागले की रक्तात सीपीके नावाचा एक घटक वाढतो. तो दोनशेच्या आत असावा, तो निघाला नऊ हजार चारशे. डॉक्टर म्हणाले, कोलेस्टेरॉलची गोळी काही जणांना बाधते, बंद करा, महिना-दीड महिन्यात उतरेल. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवल्यापासून चालू असलेली गोळी त्याच दिवशी बंद झाली. आकडा जरा उतरला आणि पुन्हा चढायला लागला. आता एप्रिल उजाडला होता आणि मागच्या आठवड्यातला आकडा बारा हजारांच्या वर होता.

"गोळीमुळे असतं तर एव्हाना उतरलं असतं," डॉक्टर म्हणाले होते. "पोटात दुसरं काही जातंय का, बघा."

दुसरं काही. हे दोन शब्द आठवडाभर तिच्या डोक्यातून निघत नव्हते.

ती उठली आणि मागच्या दाराने सुखदेवकाकांच्या गोठ्यावर गेली. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. आजूबाजूला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या तरी त्यांनी पाच म्हशी सोडल्या नव्हत्या. रोज सकाळी दोन लिटर दूध दादाच्या म्हणजे बाबांच्या घरी, उरलेलं गिऱ्हाइकांना. उरलेल्या अठरा गुंठ्यांवर दोघा भावांची नावं होती. बिल्डर मागे लागला होता आणि काका सही करत नव्हते. घरात वर्षभर याच्याशिवाय विषय नव्हता.

गोठ्यासमोर दुधासाठी सात-आठ माणसं उभी होती. शेफालीची नजर किटल्यांच्या वरच्या फळीवर गेली. तिथे तपकिरी रंगाची एक बाटली होती, बाटलीवर कवटीचं चित्र होतं.

"काका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "बाबांच्या दुधात हे रोज किती घालता?"

सुखदेवकाका म्हशीजवळून उठून उभे राहिले. "काय बोलतीस, शेफाली?"

"माझ्या बापाला विष घालताय तुम्ही! अठरा गुंठ्यांसाठी सख्ख्या भावाला!"

तिने आपल्या घरची किटली उचलली आणि सगळ्यांसमोर शेणात ओतली. भावकीतले सर्वांत वडीलधारे गेनबा हातात रिकामा तांब्या घेऊन बघत राहिले. काकांनी तिच्या हातातली रिकामी किटली घेतली आणि जागेवर ठेवली.

शेफालीने चौकीत तक्रार दिली आणि दुपारी पोलिसांची गाडी गोठ्यासमोर येऊन थांबली.

२

पोलिसांनी काकांना संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. बाटली तपासायला नेली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी शेफालीला बोलावून सांगितलं, "मॅडम, ते म्हशींच्या गोचिडांवर लावायचं औषध आहे. प्रत्येक गोठ्यात असतं. ते तुमच्या वडिलांच्या पोटात गेलं, हे कोण सांगणार?"

ऑफिसात शेफाली सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. चूक सापडेपर्यंत जागेवरून न उठणं हाच तिचा लौकिक होता. तिच्या टीममधल्या राजसने तिला एक पत्ता दिला. "माझी आत्या. तनुजा साळवे. सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं विषं तपासली तिने. रिटायर झालीय, पण डोकं झालेलं नाही. फक्त तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस."

नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांच्या, सडपातळ बाईंनी.

"बसा. चहा हवा असेल तर सांगा, आग्रह होणार नाही."

"माझ्या वडिलांवर विषप्रयोग होतोय," शेफाली म्हणाली.

"हे तुम्ही ठरवूनच आलात. मग माझ्याकडे काय काम?"

शेफालीने सगळं सांगितलं. बाई मध्येमध्ये अगदी छोटे प्रश्न विचारत होत्या. केस गळतात? नाही. तळपायांना मुंग्या, बधिरपणा? नाही. उलट्या, पोटात कळा? नाही. नखांवर आडवे पांढरे पट्टे? नाही. घाम, लाळ, डोळ्यांना पाणी?

"नाही. नुसती ताकद गेलीय. खुर्चीतून उठता येत नाही, जिना चढता येत नाही, केस विंचरायला हात वर जात नाही."

"विष घालणारा फारच चोखंदळ दिसतो," बाई म्हणाल्या. "दंड आणि मांड्या सोडून त्याला कशात रस नाही."

शेफालीला राग आला. तिने लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे सरकवला. एक तक्ता होता. बाबांनी जानेवारीपासून काय खाल्लं, काय प्यायले, कोणी दिलं, किती वाजता, आणि शेजारी प्रत्येक तपासणीचा आकडा.

बाईंनी पहिल्यांदाच चष्मा नीट केला. बराच वेळ त्या वाचत राहिल्या.

"हे तुम्ही केलंत?"

"हो. काकांविरुद्ध पुरावा म्हणून."

"सुरेख आहे. माझ्या हाताखालच्या लोकांनी निम्मं जरी असं लिहिलं असतं तर मी पाच वर्षं आधी घरी बसले असते." त्यांनी लॅपटॉप मिटला. "एक लक्षात ठेवा. तपास सुरू केला की तो तुम्ही बोट दाखवाल तिकडेच जातो असं नाही. चालेल?"

"मला खरं हवंय," शेफाली म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात. उद्या अकराला येते."

३

साळवेबाई आल्या त्या थेट हिंदुरावांच्या खाटेजवळ गेल्या. "मी डॉक्टर नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "हात द्या."

हिंदुरावांनी हात धरला.

"दाबा. अजून. अहो, पुरे, बोटं माझी आहेत!"

हिंदुराव कित्येक दिवसांनी हसले. मग बाईंनी तोच हात खांद्याच्या वर न्यायला सांगितला. तो निम्म्यावरही गेला नाही. दुसरा हातही अगदी तितकाच गेला. पेनाचं टोक तळपायाला लावलं, तर डोळे मिटलेले असूनही त्यांनी अचूक सांगितलं, कुठल्या बोटाला लागलं ते. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं.

मग एकेकाला आतल्या खोलीत बोलावलं. शेफाली दाराशीच होती.

"मी येगळं काय खाते?" शकूबाई म्हणाल्या. पदराचं टोक त्या सारखं पिळत होत्या. "त्यांच्याच ताटातलं उरलेलं खाते. त्याच दुधाचा चहा चार वेळा पिते. मला काही झालं न्हाई. मला का न्हाई झालं, बाई?"

सूरज उभ्याउभ्याच बोलला. "काकाच आहे. सही करायला नको म्हणून बाबांना खाटेवर पाडलं. डील मार्चमध्ये क्लोज होणार होतं, सगळं अडकलं. मी त्या आठवड्यात गोव्याला होतो, लग्नाला, आणि इकडे बाबांना ॲडमिट केलं."

"म्हणजे वडील आजारी पडल्याने तुमचंच नुकसान झालं?"

"ऑफ कोर्स!"

एक वाजता शेफालीच्या फोनचा गजर झाला. ती उठली, बाबांना जेवणाआधीची रक्तदाबाची गोळी दिली, पर्समधल्या डबीतून गडद लाल कॅप्सूल काढून दिली, पाणी पाजलं, तोंड पुसलं आणि दाराशी परत येऊन उभी राहिली. साळवेबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"आता काकांकडे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेर थांबा. तुम्हाला बघून त्यांचं तोंड उघडायचं नाही."

शेफाली गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली. आतला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"ती बाटली सात वर्सं त्याच फळीवर हाय," काका सांगत होते. "म्हशीला लावायचं, हात धुवायचं, ठेवून द्यायचं. पोलिसांनी इचारलं तवा बी हेच सांगितलं."

"हे दूध तुमच्या घरात कोण पितं?"

"समदी पितात. नात हाय दीड वर्साची, ती तर दुधावरच हाय."

बाईंनी पुढचा प्रश्न टाकला. "जमिनीचं काय?"

"जमिनीचं काय न्हाई." काकांचा आवाज खाली आला. "दादा इकणारच नव्हता. संक्रांतीला मला म्हनला, सुखदेवा, ऱ्हाऊ दे ते अठरा गुंठं. पोरांना मी सांगतो सवडीनं, तू बोलू नको. म्हनून मी समद्यांच्या शिव्या खाल्ल्या, पर बोललो न्हाई. त्याचं नाव कशाला पुढं करू?"

शेफालीने मनात महिने मोजले. संक्रांतीला. म्हणजे हे तीन महिने काका बाबांचीच पाठराखण करत होते. खोटं बोलत असतील, तिने स्वतःला बजावलं. खोटंच असणार.

बाई बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा मिश्कीलपणा पार गेला होता.

"तुमचा तक्ता मला आजच पाठवा. आणि तुमचे वडील मार्चमध्ये दवाखान्यात होते ना? त्या दिवसांचाही हवा. तासातासाचा."

४

दोन दिवसांनी नारायण पेठेतल्या टेबलावर तक्त्याचे कागद पसरलेले होते. त्या दिवशी बाईंनी न विचारता चहा आणला. शेफालीला तेवढ्यानेच भीती वाटली.

"आधी काका," बाई म्हणाल्या. "त्यांना फायदा काय? तुमचे वडील गेले तर वारस कोण? तुम्ही तिघं. तुम्ही विकायला एका पायावर तयार. म्हणजे जमीन राखायची असेल तर त्या माणसाला भाऊ जिवंत हवा. मी तुमच्या वडिलांना एकटं गाठून विचारलं. संक्रांतीचं बोलणं खरं आहे."

शेफालीने मान खाली घातली.

"दुसरं, दूध. तुमची आई तेच दूध पिते, दीड वर्षाचं मूल तेच पितं. दुधात काही असतं तर ते मूल आधी आडवं झालं असतं. तिसरं, मी एकतीस वर्षं पाहिलेली विषं अशी वागत नाहीत. कुणी नसा धरतं, कुणी आतडी, कुणी केस. इथे तळपायाच्या करंगळीपर्यंत सगळं शाबूत, मूठ लोखंडासारखी, आणि धडाजवळचे मोठे स्नायू तेवढे गेलेत, दोन्ही बाजूंचे सारखे. हे कुणी बाहेरून येऊन करत नाहीये. आतूनच काहीतरी चाललंय."

"मग वाढतंय का? गोळी तर बंद आहे!"

"तिकडेच येतेय." बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "सहा जानेवारी, नऊ हजार चारशे. गोळी बंद. सत्तावीस जानेवारी, सहा हजार शंभर. उतरतंय. सतरा फेब्रुवारी, आठ हजार आठशे. म्हणजे या दोन तारखांच्या मध्ये कुठेतरी वारं फिरलं. आणि आता हे बघा. दोन मार्चपासून दहा मार्चपर्यंत दवाखाना. नऊ दिवस. तुमच्या वडिलांना घरचं दूध मिळालं?"

"नाही. दवाखान्यात बाहेरचं काही चालत नव्हतं."

"आईच्या हातचं?"

"नाही. आई गुडघ्यामुळे आलीच नाही."

"सूरज?"

"गोव्यात होता."

"म्हणजे तुम्ही ज्यांच्यावर संशय घेऊ शकत होतात ती सगळी माणसं नऊ दिवस लांब होती. कुणी विष घालत असेल तर आकडा या नऊ दिवसांत खाली यायला हवा. गेला कुठे? दहा हजार नऊशेवर."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. शेफालीला तो फार लांबून आल्यासारखा वाटला.

"त्या नऊ दिवसांत वडिलांच्या तोंडात जे गेलं," साळवेबाई सावकाश म्हणाल्या, "ते एक तर दवाखान्याने दिलं, नाही तर तुम्ही."

५

"मी?" शेफाली उभी राहिली. "मी रजा टाकून नऊ दिवस त्यांच्या उशाशी बसले होते! मी काय देणार त्यांना?"

"या तक्त्यात वेलची केळं आहे, चिमूटभर बडीशेप आहे. सगळं आहे. फक्त एक गोष्ट नाही, ती परवा एक वाजता माझ्यासमोर दिलीत. पर्समध्ये आहे ना? काढा."

शेफालीने डबी काढून टेबलावर ठेवली. "हे तर सप्लिमेंट आहे. औषध नाही. पूर्ण नॅचरल. लाल तांदळाचा अर्क. म्हणून लिहिलं नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, दुसरं औषध चालू आहे का. नाहीच ना चालू!"

"कशासाठी मागवलंत?"

"गोळी बंद झाली. बाबांना स्टेंट आहे." ती भराभर बोलत होती. "मला वाटलं, कोलेस्टेरॉल वाढून अटॅक येईल. ऑनलाइन शोधलं. साइड इफेक्ट नाहीत असं लिहिलं होतं. हजारो लोकांनी चांगलं म्हटलं होतं."

"केव्हापासून?"

शेफालीने फोनवर ऑर्डर उघडली. घरी आल्याची तारीख अठ्ठावीस जानेवारी. तिने ती वाचली, मग टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. सत्तावीस जानेवारी, सहा हजार शंभर. त्यानंतर प्रत्येक आकडा वरच गेला होता.

"तांदूळ एका लाल बुरशीवर आंबवतात," बाईंचा आवाज ऐकू येत होता. "त्या बुरशीत एक पदार्थ आपोआप तयार होतो. तोच कारखान्यात बनवला की त्याला कोलेस्टेरॉलची गोळी म्हणतात, बुरशीने बनवला की नॅचरल म्हणतात. वडिलांची जी गोळी डॉक्टरांनी बंद केली, तिच्याच घराण्यातला आहे तो. समोरच्या दाराने बाहेर काढलेलं तुम्ही मागच्या दाराने आत घेतलंत. रोज, वेळेवर, गजर लावून."

पोलिसांच्या गाडीत बसताना काकांनी पायांतल्या चपला नीट केल्या होत्या, एवढंच शेफालीला दिसत होतं.

बाईंनी तिला तसंच रिक्षात घातलं आणि डॉक्टर आमोद यांच्याकडे नेलं. ते सांध्यांच्या आणि स्नायूंच्या आजारांचे डॉक्टर. त्यांनी कॅप्सूल तिथल्या तिथे बंद करायला सांगितली, हिंदुरावांना बोलावून तपासलं आणि रक्ताची एक वेगळीच तपासणी पाठवली. अहवाल यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत शेफाली काकांच्या गोठ्याकडच्या खिडकीचा पडदा सरकवू शकली नाही.

"आला," अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले. "आपल्या शरीराचं एक सैन्य असतं, जंतूंशी लढणारं. कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे लाखात दोन-तीन जणांत ते सैन्य फसतं आणि स्वतःच्याच स्नायूंना शत्रू समजतं. साध्या बाधेत गोळी थांबवली की सगळं थांबतं. यात थांबत नाही. गोळी बंद झाली तरी सैन्याला कुणी सांगत नाही की लढाई संपली. म्हणून सगळ्यांनी गोळीवरचा संशय सोडला आणि तुम्ही माणसांवर घेतलात."

"म्हणजे माझ्यामुळे झालं नाही?" शेफालीने विचारलं. स्वतःचा आशाळभूत आवाज ऐकून तिला स्वतःचीच किळस आली.

डॉक्टरांनी अहवाल खाली ठेवला. "सुरुवात तुमच्यामुळे झाली नाही. ती त्या गोळीने झाली आणि ते कुणालाच आधी ओळखता आलं नसतं. कॅप्सूल नसती तरी आजार कदाचित चालूच राहिला असता. पण कॅप्सूलने त्यात किती भर घातली, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेही नाही. ते माहीत नसतानाच तुम्हाला राहावं लागेल."

साळवेबाईंनी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून विचारलं, "बरं होईल का, ते सांगा. बाकीचं ती भोगेल."

"होईल. वेळ लागेल. सैन्य शांत करायची औषधं आहेत, सलाइनमधून द्यायची आहेत. उद्या ॲडमिट करा."

६

पहिली सलाइन लागली त्या दुपारी शेफाली खाटेजवळ बसून सगळं बोलली. कॅप्सूल, तारीख, आकडे. हिंदुराव नळीतून पडणाऱ्या थेंबांकडे बघत ऐकत होते.

"तू मुद्दाम दिलंस का?"

"बाबा!"

"मग रडू नको." त्यांनी थोडा वेळ डोळे मिटले. "सुखदेवाला सांगितलंस?"

"नाही. आधी तुम्हाला..."

"मला आधी का? मला तू काय म्हणाली नव्हतीस. त्याला म्हणालीस."

ती तिथूनच पोलीस चौकीत गेली आणि तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं. बाटलीचा अहवाल आधीच येऊन पडला होता: गोचिडाचं साधं औषध, दुसरं काही नाही. तेवढं केल्यावर काम संपलं असं तिला क्षणभर वाटलं. मग ते किती खोटं आहे तेही कळलं. कागद मागे घेतला होता. पण गावठाणात तीन आठवडे काकांचं दूध निम्मं उरत होतं, ते कुठला कागद परत आणणार होता?

ती गेनबांच्या घरी गेली आणि भावकीला बोलवा म्हणाली. गेनबांनी कारण विचारलं नाही. रविवारी सकाळी भैरवनाथाच्या देवळासमोर तीसेक माणसं जमली. शकूबाई आल्या. सूरज लांब मोटारसायकलवर बसून राहिला. सुखदेवकाका सगळ्यांच्या मागे, कठड्यापाशी, हाताची घडी घालून उभे होते. साळवेबाईंना तिने बोलावलं होतं, त्या आल्या नाहीत. "हे तुमचं काम आहे, मी काय टाळ्या वाजवायला येऊ?" एवढंच फोनवर म्हणाल्या.

शेफाली रोज ऑफिसात पन्नास माणसांसमोर बोलायची. आज ती आधी चपला काढून मग पुढे आली.

"मी काकांवर विषाचा आळ घेतला," ती म्हणाली. "इथल्या बऱ्याच जणांसमोर. तो खोटा होता. बाबांना कोलेस्टेरॉलच्या गोळीने एक आजार झाला, लाखात दोघा-तिघांना होतो तसा. आणि ती गोळी डॉक्टरांनी बंद केल्यावर तसंच दुसरं मी त्यांना रोज देत होते. माझ्या हाताने. मला माहीत नव्हतं. पण काकांचंही मला काही माहीत नव्हतं, तरी मी बोलले. बाबांना जे दिलं ते मी दिलं. काकांनी नाही."

शकूबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. शेवटी गेनबा खाकरले.

"पोरी," ते म्हणाले, "ती कोलेस्टेरॉलची गोळी मी बी घेतो. पाच वर्सं झाली. टाकून देऊ का?"

"नको!" शेफाली इतक्या जोरात म्हणाली की पुढचे दोघे दचकले. "नको आजोबा. स्वतःहून बंद करू नका. तुमचं हृदय त्या गोळीवर चाललंय. मांड्या दुखायला लागल्या, जिना चढता येईना, लघवी चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि दुसरं काहीही घेत असाल, पाला, चूर्ण, काहीही, तर ते त्यांना सांगा."

"बरं," गेनबा म्हणाले. "रामफळाची पानं उकळून पितो, ती बी सांगतो."

दोघे-तिघे हसले. मग माणसं उठायला लागली, चपला शोधायला लागली. जाताना कुणी काकांच्या दंडाला हात लावला, कुणी नुसतीच मान हलवली. सुखदेवकाका होते तिथेच उभे होते. माणसं पांगली तेव्हा शेफाली त्यांच्यासमोर गेली. वाकून नमस्कार करायला हात पुढे केला, तर त्यांनी पाऊल मागे घेतलं.

"दादा कुठं हाय?"

"दवाखान्यात. तिसरा मजला, खिडकीकडची खाट."

"हात वर जातो का?"

"अजून नाही. डॉक्टर म्हणतात महिना-दोन महिने लागतील."

काकांनी मान डोलावली. गेल्या तीन आठवड्यांत कुणीच त्यांना भावाची बातमी दिलेली नव्हती, हे त्या मान डोलावण्यात तिला दिसलं. त्यांनी टोपी नीट केली आणि रस्त्याकडे निघाले.

"काका, थांबा, मी गाडी काढते. मी नेते तुम्हाला."

ते थांबले, पण वळले नाहीत.

"तू आज येऊ नगं," ते म्हणाले. "मी एकटाच जातो."